नवरदेवाच्या मागचं गाव

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापुरात माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. व्हीएचएसच्या काळापासून करतो. आता मुलगा कॅमेरा बघतो, मी ऑर्डरी आणि उधारी बघतो. ‘व्हिडिओ आर्ट’ म्हणजे काय हे मला अलीकडंपर्यंत माहीत नव्हतं. मग भाचीच्या नादानं तसलं एक काम केलं. ते गावात दाखवलं आणि नव्या मुंबईतही दाखवलं. त्यात कुठं अडलो आणि कशानं निभावलं तेवढं सांगतो. ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेट पडून आहेत त्यांना उपयोग होईल.

भाची राहते तीही बेलापुरातच, पण नव्या मुंबईच्या. दाजी नोकरीला तिकडं गेले आणि तिकडचेच झाले. ती चित्रकला शिकते. आजोळचं गाव आणि घरचा पत्ता, दोन्हीकडं बेलापूर, याची तिला लहानपणापासून गंमत वाटायची. त्यात आमचं आणखी एक त्रांगडं आहे. आमच्या बेलापूरचं रेल्वे स्टेशन बेलापुरात नाही, श्रीरामपुरात आहे. 1878 साली दौंड–मनमाड लाइन सुरू झाली तेव्हा श्रीरामपूर शहर नव्हतंच. आसपास नावाजलेलं गाव बेलापूर, तेच नाव पाच-सहा किलोमीटरवरच्या स्टेशनाला लागलं. पुढं भंडारदऱ्याचं धरण झालं, प्रवरेचे कालवे आले, ऊस आला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, टिळकनगरला दुसरा आला. स्टेशनाच्या आजूबाजूला बाजारपेठ वाढली आणि तिचं श्रीरामपूर झालं. आजही फलाटावरच्या पाटीवर बेलापूर आणि बाहेर आलं की प्रत्येक दुकानावर श्रीरामपूर. गाव नदीकाठी राहिलं आणि नाव गाडीला लटकून पुढं गेलं, असं आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणायची.

एका दिवाळीला भाची आली तेव्हा तिनं मोबाइलवर मला बरंच काय काय दाखवलं. नलिनी मालानी यांची ‘युटोपिया’ दाखवली. 1969 ते 1976 मधलं काम. एका पडद्यावर पुठ्ठ्याच्या घरांची रंगीत फिल्म, शेजारच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्यात मुंबईकडं बघणारी तरुण मुलगी. मुंबईतल्या कॅम्प नावाच्या गटाचं 2022 चं एक काम दाखवलं. एका उंच इमारतीवर सीसीटीव्ही कॅमेरा बसवून त्यांनी कोरोनाच्या काळातली मुंबई वरून खालपर्यंत टिपली आहे. 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात या गटाचं मोठं प्रदर्शन भरलं. चित्र मला आवडलं, पण गोष्ट कुठं सुरू होते ते कळेना. मी विचारलं, “हे बघतं कोण?” ती म्हणाली, “मामा, तुम्ही तीन तासांची लग्नाची कॅसेट काढता, ती कोण बघतं?” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तिच्या डोक्यात होतं ते वेगळंच. 1980 साली अमेरिकेत दोन कलाकारांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये रस्त्याकडेला मोठे पडदे लावले आणि उपग्रहानं ते जोडले. या शहरातला रस्त्यावरचा माणूस त्या शहरातल्या माणसाशी समोरासमोर बोलू लागला. कुणालाच आधी सांगितलेलं नव्हतं. तीन संध्याकाळी हा प्रकार चालला आणि तिसऱ्या दिवशी लोक ठरवून नातेवाइकांना भेटायला आले. तसंच आपण दोन बेलापुरांत करायचं, असं तिचं म्हणणं. तेव्हा उपग्रह लागला, आता तर खिशातल्या मोबाइलवर होतं.

आम्ही करून बघितलं. आमच्याकडं माझ्या दुकानाबाहेर टीव्ही, तिच्याकडं सोसायटीच्या गेटपाशी टीव्ही. सगळी फजिती झाली. संध्याकाळी आमच्याकडं नेटची ओढाताण असते, त्यात आपल्याकडून तिकडं जाणारं चित्र आधी मरतं. आम्हाला ते दिसत होते, त्यांना आम्ही चौकोन चौकोन दिसत होतो. आवाज तिकडच्या स्पीकरमधून तिकडच्याच माइकमध्ये शिरून परत आमच्याकडं यायचा. आमची पोरं पडद्यासमोर उभी राहून नुसती “हॅलो, हॅलो” ओरडत होती. तिकडं लोक स्टेशनावरून घरी पळत होते, कुणी थांबेना. वॉचमननं दोनदा टीव्ही आत घ्यायला लावला. त्यात आमची लाईट गेली. कुणाला असं करायचंच असेल तर वायरचं नेट घ्या, एका बाजूचा माइक स्पीकरपासून लांब ठेवा आणि ज्या वेळेला कार्यक्रम त्याच वेळेला आदल्या दिवशी चाचणी घ्या. आम्ही नाद सोडला. भाची खट्टू झाली आणि मला मनातून सुटल्यासारखं वाटलं.

जाताना तिनं माळ्यावरच्या कॅसेट बघायला मागितल्या. तिला आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट हवी होती. तिथून खरं काम सुरू झालं.

कॅसेटचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात तिरपं बघा. टेपच्या कडेवर पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आम्ही सुरुवातीला काही कॅसेट एका शहरातल्या स्टुडिओत दिल्या. त्यांनी बुरशीसकट चालवल्या. एकीची टेप चुरगळून परत आली. ज्या चालल्या त्यांचं चित्र ताणून आडवं केलेलं, सगळं वऱ्हाड जाडजूड. व्हीएचएसचं चित्र चारास तीन असतं, ते तसंच ठेवायचं. आमच्याकडच्या पाल पद्धतीत ते सेकंदाला 25 फ्रेमचं, 720 बाय 576 मापाचं. फाइल करताना एवढंच मागा, जास्त मोठी करून काही जास्त दिसत नाही.

मग मीच बसलो. जुना व्हीसीआर उघडला, बेल्ट बदलला. हेड साफ करताना ड्रम हातानं हळू फिरवायचा आणि स्पिरिटचा कपडा एका जागी धरून ठेवायचा. वर-खाली घासलं की हेड तुटतं. बुरशीच्या कॅसेटचे खालचे स्क्रू काढले, मास्क लावला, अंगणात बसून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडातून टेप हळूहळू फिरवली. चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटही लगेच प्ले केल्या नाहीत. आधी शेवटपर्यंत पुढं नेल्या, मग मागं आणल्या. वर्षानुवर्षं पडून टेपचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटतात. बायको म्हणाली, दुकानात गिऱ्हाइकाला एवढा वेळ दिला असता तर बंगला झाला असता.

बहिणीची कॅसेट निघाली. भाचीनं ती बघितली आणि आईकडं फारसं लक्षच दिलं नाही. ती मागचं बघत होती.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत जातो. त्याला परण्या म्हणतात. वरात रात्री निघते. परण्या दिवसाउजेडी, आणि बहुतेकांचा एकाच रस्त्यानं, कारण मारुती एकच. म्हणजे मी वर्षानुवर्षं एकाच रस्त्याचं, एकाच दिशेनं, उन्हात शूटिंग केलेलं होतं. ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. माझी नजर नवरदेवावर. घोडी बुजते का, फेटा सुटतो का, कोण मामा नाचतोय आणि त्याला किती वेळ दाखवायचा, हे माझं काम. मागं मात्र सगळं गाव उभं होतं. लाकडी फळ्यांची दुकानं. पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ. भिंतीवर रंगवलेली बियाण्याची जाहिरात, पुढच्या वर्षीच्या कॅसेटमध्ये तिच्यावर निवडणुकीचा चुना. सायकल हातात धरून बँड जायची वाट बघणारा माणूस. एका वाड्याच्या माडीवर गजाला धरून उभी असलेली नऊवारीतली बाई. पुढच्या एका कॅसेटमध्ये माडी आहे, बाई नाही. त्याच्या पुढच्या एकीत माडीच्या जागी कॉलम आणि वर आलेल्या सळया.

चित्राच्या कोपऱ्यात तारीख छापून यायची. तेव्हा गिऱ्हाइकं त्यावरून भांडायची, नवरीच्या साडीवर आकडे येतात म्हणून. आता त्याच आकड्यांनी आम्हाला कॅसेट ओळीनं लावता आल्या. तयार केलेल्या कॅसेटवर हिंदी गाणी चढवलेली असतात, म्हणून आम्ही मास्टर कॅसेट घेतल्या. त्यात रस्त्याचा खरा आवाज आहे. बँड थांबला की मागून सोडा-लिंबूवाल्याची बाटली वाजते ती ऐकू येते.

भाचीनं निवडलं ते बघून मी आधी हबकलो. घोडी अडली म्हणून मी कॅमेरा चालूच ठेवून नुसता उभा होतो, असले तुकडे तिनं घेतले. आम्ही एडिटिंगला याला फालतू म्हणायचो आणि कापून टाकायचो. तिचं म्हणणं, कॅमेरा कुणाच्या मागं धावत नाही तेव्हाच बघणाऱ्याला इकडंतिकडं बघायला सवड मिळते. हे मला पटायला वेळ लागला, पण पटलं.

कॅसेटमधल्या घरांना विचारल्याशिवाय काही दाखवायचं नाही हे आम्ही ठरवलं होतं. धंदा माझा, पण लग्न त्यांचं. बहुतेक लोक आनंदानं हो म्हणाले, काहींना कॉपी हवी होती, ती दिली. एका घरात बाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि नाही म्हणाल्या. त्यांच्या मुलीचा संसार टिकला नाही. त्या कॅसेटमध्ये रस्ता सगळ्यात स्वच्छ दिसत होता. भाचीनं ती फाइल माझ्यासमोर पुसली आणि कॅसेट त्यांना नेऊन दिली. तुम्ही शूटिंगवाले असाल तर हे आधी करा. एडिटिंग झाल्यावर नकार आला की कापताना हात धजत नाही.

मग आजचा रस्ता. जुन्या तुकड्यांच्या जागा शोधून तिथूनच नवीन चित्र घ्यायचं. मोबाइलची लेन्स रुंद, व्हीएचएस कॅमेऱ्याची अरुंद, म्हणून त्याच जागी उभं राहिलं तरी रस्ता लांब पळालेला दिसतो. देवळाचा कळस आणि एका जुन्या घराचा कोपरा या दोन खुणा धरल्या, त्या दोन्ही चित्रांत सारख्या येईपर्यंत झूम केलं. स्टँडची उंची माझ्या खांद्याएवढी, कारण तेव्हा कॅमेरा माझ्या खांद्यावर होता. मोबाइलवर सेकंदाला 30 फ्रेम ठेवल्या तर दुकानातल्या ट्यूबलाइट लुकलुकतात. 25 फ्रेम आणि शटर पन्नासांश सेकंद ठेवलं की थांबतात. मोबाइल स्वतःहून फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळं लांब शॉटमध्ये आवाज आणि चित्र सुटत जातं. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून फाइल एकसारख्या वेगाची करून घ्या आणि मग एडिटिंगला बसा. वाऱ्याची घरघर थांबवायला माइकवर खेळण्यातल्या अस्वलाचं फरचं कापड शिवून घातलं, ते उत्तम चाललं.

कॅमेरा लावून आम्ही नुसते बाजूला बसायचो. येणारा-जाणारा विचारायचा, “काय हो, बंद पडला का?” गळिताचा हंगाम होता. उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागं टायरगाड्या. एक ट्रॅक्टर आला की पूर्ण पडदा ऊस व्हायचा आणि तो गेला की रस्ता परत दिसायचा. भाची म्हणाली, हा कट फुकट मिळाला.

नदीचं मात्र जमलं नाही. प्रवरेचं पाणी म्हणजे आवर्तनाचा विषय. एका आठवड्यात पात्र कोरडं, पुढच्या आठवड्यात वरून पाणी सुटलेलं. जुन्या चित्राशी जुळवायला जावं तर कधीच जुळेना. नदी सोडून दिली. स्टेशनातही आत शूटिंग केलं नाही. रेल्वेच्या हद्दीत स्टँड लावून चित्रण करायला रेल्वेची परवानगी लागते, ती वेळ घेते. आम्ही बाहेरच्या रस्त्यावरून घेतलं, गाडीचा आवाज तिथूनही येतो.

नव्या मुंबईच्या बाजूला काय दाखवायचं हा प्रश्न होता. तिथं परण्या नाही, जुना रस्ता नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि गावांच्या मधल्या भातशेतीवर आणि मिठागरांवर शहर आखलं गेलं. बेलापूरपर्यंत लोकल आली 1993 मध्ये, मेट्रो सुरू झाली नोव्हेंबर 2023 मध्ये. ते शहर म्हणजे माझ्या व्हीएचएसच्याच वयाचं. दिवाळ्याचा कोळीवाडा मात्र त्याच्या आधीपासून आहे, अजून तिथं होड्या लागतात. भाचीनं तिथं घेतलं, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये घेतलं. तिथं वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात अंगणाभोवती बैठी घरं बांधली होती. लोकांनी वाढत्या संसाराप्रमाणं त्यातली बरीच पाडून वर चढवली. आमच्या वाड्यांचं झालं तेच, फक्त लवकर.

तरी जोड लागत नव्हती. मग बहीण म्हणाली, “दादा, आमच्या वास्तुशांतीची कॅसेट तूच काढली होतीस ना?” खरंच होती. फ्लॅट घेतला तेव्हा मी कॅमेरा घेऊन एसटीनं माळशेज घाट उतरून गेलो होतो. पूजा संपल्यावर गॅलरीत उभं राहून मी सगळीकडं कॅमेरा फिरवलाय. मोकळं रान, एक कच्चा रस्ता, पारसिकचा डोंगर. रस्त्यावर एकटाच माणूस डोक्यावर गादी घेऊन चाललाय. भाचीनं त्याच गॅलरीतून आता घेतलं. समोरच्या इमारतीच्या खिडकीत एक बाई कपडे वाळत घालतेय, तेवढंच मावतं. अडीचशे किलोमीटरचं अंतर आम्ही नेटनं जोडायला निघालो होतो, ते माझ्याच माळ्यावर होतं.

दाखवायच्या दिवशीच्या गोष्टी. दोन पडदे आणि दोन लॅपटॉप लावू नका. सुरू एकदम झाले तरी थोड्या वेळानं मागंपुढं होतात. जुनं आणि आजचं, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकच फाइल करा, रुंदीला 3840 आणि उंचीला 1080. चादरीचा पडदा करू नका, उजेड आरपार जातो. आम्ही जुना फ्लेक्स उलटा करून ताणला. आमचा फ्लेक्स एका वाढदिवसाचा होता, पडद्यामागं गेलेल्या पोरांना भाऊंचा फोटो दिसायचा. काही फ्लेक्सची मागची बाजू चकाकते आणि मधोमध प्रोजेक्टरचा दिवा दिसतो, ते आधी तपासा. देवळाच्या सभामंडपातल्या ट्यूब बंद करायला देवस्थानची माणसं तयार नव्हती, म्हणून अंधार पडल्यावर शाळेच्या हॉलमध्ये केलं. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवले. लाईट गेलीच, पण चित्र थांबलं नाही.

फाइल गोल फिरत राहणारी होती, तिला सुरुवात नाही आणि शेवट नाही. लोक विचारत होते, “चालू कधी होणार?” शेवटी मी दारात फळ्यावर लिहिलं: कधीही या, कधीही जा. मग लोक बसले. थोड्या वेळानं एकेक जण उठून पडद्याजवळ जाऊन बोट लावू लागला. हे अमक्याचं दुकान, हा तमक्याचा थोरला, ही विहीर बुजवली. आवाज काही ऐकू येईना. भाचीनं किती कष्टानं तो आवाज बसवला होता, पण तिनं स्वतःच तो बारीक केला. माडीवरची बाई आली तेव्हा मागून एक रिटायर मास्तर म्हणाले, “थांबवा.” फाइल थांबवायची नाही असं ठरलेलं होतं. मी थांबवली. त्यांची आजी होती. तिचा एकही फोटो घरात नव्हता. भाचीकडं बघायचं मला धाडस झालं नाही, पण ती काही बोलली नाही. पुढं त्यांना तेवढी फ्रेम छापून दिली, धूसर आहे, त्यांनी ती फ्रेम करून लावली. जाताना दोघं-तिघं रागावून गेले, त्यांच्या लग्नाचा परण्या का घेतला नाही म्हणून.

नव्या मुंबईत सोसायटीच्या हॉलमध्ये माणसं कमी होती. आमच्या भागातून गेलेली होती ती मात्र खुर्च्या पुढं ओढून बसली. त्यांना रस्ता ओळखू येत होता तो पडद्याच्या डाव्या बाजूचा, जुना. उजवीकडचं आजचं बेलापूर बघून ते मलाच विचारत होते, हे कुठलं. गॅलरीच्या चित्राला तिथली लहान पोरं हसली. डोंगर एवढा जवळ आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

यापुढं असं काही करायचं झालं तर मी लाइव्हच्या भानगडीत पडणार नाही. कॅमेरा एका जागी ठेवीन आणि आवाजावर खर्च करीन.

तुमच्या घरातल्या कॅसेटचं एवढं करा. जपानच्या फुनाई कंपनीनं 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवा कुणी बनवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयानं 2015 सालीच इशारा दिला होता की टेपवरचं जे 2025 पर्यंत उतरवून घेतलं नाही ते बहुतेक हातचं जाईल. आता ती तारीख उलटून गेली आहे. कॅसेट पलंगाखाली आडव्या रचू नका, कोरड्या जागी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. मागच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडलेली नसेल तर मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. उतरवलेली फाइल दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. आणि पैसे थोडेच असतील तर परण्याच्या कॅसेट आधी करून घ्या. वरातीच्या नंतर केल्या तरी चालतील, हॅलोजनच्या उजेडात नवरदेवाशिवाय तिथं काही दिसत नाही.